मावळातले तीन दिवस आणि अकरा-वीसची लेन्स

आमच्या बार्शीकडे एखादी गोष्ट फोटोत मावत नसली तर माणूस चार पावलं मागे सरतो. जमीन सपाट, रान मोकळं. मागे सरायला जागाच जागा. बेडश्याच्या लेण्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा सवयीने मागे सरले आणि दोन पावलांत पाठ दगडाला टेकली. समोर खांब, मागे डोंगराचा न फोडलेला भाग, मध्ये मी. खांबाचा तळ घेतला तर वर कोरलेले घोडे येईनात, घोडे घेतले तर तळ जाई. शाळेच्या सहलीबरोबर गेले होते, पाऊण तास मिळाला. घरी येऊन बघितलं तर लेण्याचे नुसते तुकडे हाती आले होते.

मी हायस्कुलात चित्रकला शिकवते. ते तुकडे मुलांपुढे मांडून, मधल्या जागा हातांनी हवेत दाखवत शिकवलं. मुलं माझ्या हातांकडेच बघत राहिली. त्या दिवशी ठरवलं, जास्त रुंद बघणारी लेन्स घ्यायची.

माझ्या कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स अठरा-पंचावन्नची. यातला लहान आकडा जितका कमी, तितकं जास्त दृश्य आत मावतं. मला हवा होता दहा-अकराचा आकडा, आणि मास्तरणीच्या पगारात बसणारा. महिनाभर शोधल्यावर दोन लेन्स उरल्या. एक दहा-अठराची: हलकी, प्लॅस्टिकची, अंधारात जरा आंधळी, पण धरणाऱ्याच्या हाताची थरथर आतल्या आत सावरणारी. दुसरी अकरा-वीसची: जड, अंधारातही भरपूर उजेड पिणारी, पण थरथर सावरण्याची सोय नसलेली. नवी माझ्या आवाक्याबाहेर होती. लोणावळ्यातल्या एकांनी वापरलेली विकायला काढली होती. जाहिरातीत शेवटी लिहिलं होतं, 'घरी येऊन, वापरून बघावी.'

पुण्यातल्या एका दुकानातून हलकी तीन दिवसांसाठी भाड्याने घेतली आणि दिवाळीच्या आधी, रजा टाकून, मी लोणावळ्याला गेले.

लोणावळा

जाहिरात देणारे बबनभाऊ बाजारामागच्या एका बैठ्या घरात राहतात. साठी ओलांडलेले, मूळचे सुदुंबऱ्याचे. तीस वर्षं लग्नाचे फोटो काढले, आता स्टुडिओ बंद केलाय. त्यांनी लेन्स एका मऊ धुवट धोतराच्या तुकड्यातून काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. काच स्वच्छ, कडेला एक बारीक ओरखडा.

"हा ओरखडा जाहिरातीत लिवला न्हाई, म्हणून आधी दाखवतो," ते म्हणाले. "लेन्स दुकानात बसून कळत न्हाई, बाई. तीन दिवस वापरा, मग बोलू. आज मीच येतो संगं."

त्यांच्या पत्नीने, शालनवहिनींनी, चहा आणला. बबनभाऊंची कपबशी किणकिणली. त्यांनी बशी खाली ठेवली आणि कप दोन्ही तळव्यांत धरला. मी दुसरीकडे बघितलं.

जेवणात इंद्रायणीचा भात होता. आमच्याकडे भात म्हणजे भाकरी संपल्यावरचा चार घासांचा उपचार. इथे झाकण काढताच खोलीभर वास पसरला आणि मी भाकरीची वाट न बघता दोनदा भात घेतला. वहिनी म्हणाल्या, "आपल्याच शेतातला हाय. जुना. नवा अजून उभा हाय."

दुपारी आम्ही लायन्स पॉइंटला गेलो. तिथे नुसतं पांढरं होतं. दरी, डोंगर, आभाळ काही वेगळं कळत नव्हतं; कठडा हाताला लागला म्हणून कडा इथे संपतो हे समजलं. अर्धा तास आम्ही भाजलेलं कणीस खात उभे होतो. माझ्या मनात आलं, एवढ्या लांब धुकं बघायला आलो.

मग वारा फिरला. आधी पायाखालचा कडा दिसला, काळा, ओला, सरळ खाली गेलेला. मग त्याच्या खाली आणखी कडा, त्याच्या खाली रान, रानातून एक पांढरी रेघ, आणि ती रेघ ओढा आहे हे कळेपर्यंत पलीकडचे डोंगर एकामागून एक उघडत गेले. मी सपाटीवर वाढलेली बाई. आभाळ मोठं असतं हे मला माहीत होतं. जमीन खालच्या बाजूला इतकी मोठी असते हे माहीत नव्हतं. माझ्या हातातलं कणीस कधी खाली पडलं, मला आठवत नाही.

मी जड लेन्स लावून धडाधड फोटो काढले, आणि बघितलं तर त्यात काहीच नव्हतं. सगळं मावलं होतं, म्हणूनच सगळं बारीक झालं होतं. तो अजस्र कडा पडद्यावर वारुळाएवढा. हलकी लावली, तीच गत. मला वाटलं, निवडच चुकली. डोंगरांसाठी ही लेन्सच नव्हे.

बबनभाऊ शेजारी येऊन बघून गेले. "लांबचं लांबूनच घेताय तुमी," ते म्हणाले. "हिला लांबचं बघायला लावू नका. जवळ काय हाय ते बघा. ती सोनकी बघा पायाशी. बसा खाली. आजून जवळ. वीतभर."

मी कठड्याच्या आतल्या गवतात गुडघे टेकले. फुलांच्या इतक्या जवळ गेले की काचेला पाकळ्या लागतील की काय वाटलं. आता पडद्यावर पिवळी फुलं भांड्यांएवढी दिसत होती, आणि त्यांच्या मागून दरी सुरू होऊन आभाळापर्यंत गेली होती. मघाशी छातीत जे झालं होतं त्यातलं थोडं तरी त्या फोटोत उतरलं होतं.

"भाऊ, तुम्ही काढा ना एक," मी कॅमेरा पुढे केला.

त्यांनी हात खिशात घातले. "तुमी काढा. तुमची खरेदी हाय."

बेडसे

दुसऱ्या दिवशी सकाळी कामशेतहून रिक्षा करून आम्ही बेडसे गाव गाठलं. लेण्याचं तोंड पूर्वेला, त्यामुळे सकाळ चुकवायची नव्हती. दोन्हीकडे भात निसवून पिवळा पडत होता, बांधांवरून पाणी अजून झिरपत होतं. पायऱ्या चढताना बबनभाऊ दर टप्प्यावर थांबत. मला वाटलं दम लागतोय. तर ते प्रत्येक ठिकाणी वळून उजेड कुठवर आला ते बघत होते.

वर पोचल्यावर आधी लेणं दिसतच नाही. दिसतो डोंगराचा एक दांडगा तुकडा आणि त्यात एक अरुंद बोळ. दोन्ही खांद्यांना दगड जाणवतो. बोळातून चार पावलं टाकून मान वर केली, आणि मी दुसऱ्यांदा बघत असूनही थबकले.

आठ बाजूंचे ते खांब दगडी घटांतून उगवल्यासारखे वर जातात. वर उलटं कमळ, कमळावर बसलेली जनावरं, घोडे, हत्ती, बैल, आणि त्यांच्यावर ऐटीत बसलेली जोडपी. बायांच्या हातात कड्यांची रास, घोड्याच्या मानेला पीळ. सकाळचं ऊन मागच्या दगडावरून सांडून फक्त त्या जोडप्यांवर पडलं होतं. खाली सगळं सावलीत, आणि वर ती माणसं उन्हात बसलेली.

मी पाठ दगडाला टेकवली. अठरावर बघितलं: नेहमीचा तुकडा. जड लेन्स लावली, अकरावर नेली आणि डोळा लावला. घटापासून घोड्यापर्यंत, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सगळं एका चौकटीत उभं होतं. मी बटण दाबलं नाही. नुसती बघत राहिले. डोळा ओला झाला आणि काच धुरकटली. पदराने पुसून परत लावला.

"मावलं का?" बबनभाऊंनी विचारलं.

"मावलं."

"मग आता कॅमेरा सरळ धरा. वर वाकवला की खांब एकमेकांवर पडल्यागत दिसत्यात."

वाकवून बघितलं तर खरंच, दोन हजार वर्षं ताठ उभे असलेले खांब दारुड्यांसारखे आत झुकले. कॅमेरा समपातळीत धरला तेव्हा सरळ झाले, पण खाली फरशी नको तेवढी आली. दोन्ही लेन्समध्ये तेच. हा दोष लेन्सचा नाही, रुंद बघण्याची ही किंमत आहे, असं ते म्हणाले.

आत चैत्यगृहात अंधार होता. वर दगडात कोरलेलं छत वाकत वाकत शेवटच्या स्तूपावर उतरतं. कुणी बोललं की आवाज छताला फिरून परत येतो, म्हणून आम्ही कुजबुजत होतो. तिथे कॅमेऱ्याची तिपाई लावायला परवानगी लागते, आणि ती माझ्याकडे नव्हती. कॅमेरा हातात धरूनच काढायचं.

इथे माझा हिशेब उलटा झाला. अंधारात जड लेन्स जिंकणार असं मी धरून चालले होते. पण खांबापासून स्तूपापर्यंत सगळं रेखीव यायचं तर तिलाही उजेड घेणारं तोंड बारीक करावं लागे, शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागे, आणि मग माझ्या श्वासाने फोटो हलत होता. हलकी लावली. श्वास धरला, बटण दाबलं, आणि स्तूपावरची लाकडी छत्री तिच्या भेगांसकट स्वच्छ आली. परत काढला. परत स्वच्छ.

बबनभाऊ माझ्या खांद्यामागून बघत होते. "थरथर सावरती म्हणतात, ती हीच का?"

"हीच."

त्यांनी हात पुढे केला. मी कॅमेरा दिला. त्यांनी तो डोळ्याला लावला, थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि बटण न दाबता परत केला.

पायऱ्या उतरताना मध्येच ते एका धोंड्यावर बसले. मी पाण्याची बाटली दिली. पाणी पिऊन ते म्हणाले, "बाई, मी लेन्स का विकतोय ते तुमी इचारलं न्हाई."

"तुमचा हात बघितला, म्हणून नाही विचारलं."

"दोन वर्षं झाली. आधी वाटलं जाईल. औषध चालू हाय." ते खाली दिसणाऱ्या शेतांकडे बघत बोलत होते. "पवनेच्या वरल्या अंगाला ठाकरांची एक वाडी हाय. तितली कोंडाबाई आमच्या रानात लावणीला यायची, पंचवीस वर्षं. तिचं कुडाचं घर आता पाडणार, पक्कं बांधणार. ती म्हणली, भाऊ, आतनं माझं समदं घर एका फोटूत काढ. मी गेलतो गेल्या साली. ह्याच लेन्सनं काढलं. घरी येऊन बघितलं तर एक बी सरळ न्हाई. समदं हललेलं. मग मी तिकडं गेलोच न्हाई. बाजारात ती दिसली की मी दुसऱ्या गल्लीनं जातो."

"घर पाडलं का?"

"दिवाळी झाली की."

मी म्हणाले, "उद्या जाऊ."

"तुमी जा. रस्ता सांगतो. मी न्हाई येत."

वाडी

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर पोचले तर बबनभाऊ आधीच उभे होते. इस्त्रीचा सदरा, पायात बूट. मी दोघांची तिकिटं काढली.

गाडी सोडल्यावर तासभर चढ होता. खाली धरणाचं पाणी पसरत गेलं, वर कड्यावरून पाण्याच्या शेवटच्या धारा वाऱ्याने अर्ध्यातच उडून जात होत्या. वाडी डोंगराच्या पदरात, दहा-बारा घरांची. निम्मी सिमेंटची झालेली.

कोंडाबाई अंगणात नाचणीची कणसं पसरत होती. काटक, लहानखुरी. तिने डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"भाऊ हाय व्हय? लय दिस लागलं."

बबनभाऊ अंगणाच्या कडेलाच उभे राहिले. "कोंडाबाई, ते फोटू न्हाई आलं. माझा हात हलतो आता. समदं हललं."

तिने त्यांच्या हातांकडे बघितलं. "मग हललेलं तरी आनायचं. आमी काय म्हनलो असतो? आमाला वाटलं भाऊला घरात काय झालं का काय." मग आत वळून हाक मारली, "ऐकलं का, भाऊ आलाय."

तिचा नवरा भिवाआबा खोकत बाहेर आला. त्याने बबनभाऊंचा हात धरला आणि चहा होईपर्यंत सोडला नाही.

घरात शिरायला वाकावं लागलं. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, धुराने काळं झालेलं छप्पर. मध्ये मेढ, म्हणजे सगळं घर पेलणारा खांब; हाताच्या स्पर्शांनी तो गुळगुळीत झाला होता. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात भाताची कणगी, तिच्यावर फळीवर देव. कुडाच्या फटींतून उन्हाच्या बारीक काड्या आत आल्या होत्या आणि त्यांत धूर हळूहळू फिरत होता. बेडश्याला जसा आवाज आपोआप खाली गेला होता, तसाच इथेही गेला. लेणं कोरणाऱ्यांनी दगडी छताला लाकडी वासे लावले होते, लाकडाच्या घराची आठवण म्हणून; ते केव्हाच गेले. इथे वासे अजून डोक्यावर होते, आणि आणखी पंधरा दिवसच राहणार होते.

मी दाराशेजारच्या कोपऱ्यात अंग चोरून बसले. जड लेन्स, अकरा. चूल, मेढ, कणगी, देव, सगळं आलं. कोंडाबाई आणि आबा दोन कडांना बसले होते. फोटो दाखवला तर कोंडाबाई हसायला लागली. आबाचं डोकं दुधीभोपळ्यासारखं लांबलं होतं आणि तिचा स्वतःचा हात सुपाएवढा झाला होता.

"कडंला माणसं ताणली जातात," बबनभाऊ दारातून म्हणाले. "त्यांना मेढीजवळ घ्या."

मेढीजवळ घेतलं. आबाला खोकला आला, तो हलला. पण जड लेन्स उजेड भरपूर घेत होती, शटर झटकन मिटत होतं, त्याला तिने पकडलं. चांगला फोटो आला. दोघांनी मान डोलावली.

मग कोंडाबाई म्हणाली, "भाऊ, आता तू काड की."

"ताईंनी काढला ना. चांगला आलाय."

"ताईनं काडला तो ताईचा. तू काडतो म्हनला व्हतास."

बबनभाऊ दारातच उभे. मी हलकी लेन्स चढवली आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला. ते आत आले, कोपऱ्यात बसले, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवली. पहिला फोटो हलला. दुसरा हलला. तिसऱ्याला आबा खोकला. चौथा जरासाच हलला. मला दिसलं, त्यांनाही. मी बाहेर जायला उठले, तर ते म्हणाले, "बसा बाई."

त्यांनी श्वास सोडला, कोंडाबाईला म्हणाले, "चुलीकडं बघ. माझ्याकडं नको." आणि पाचव्यांदा बटण दाबलं.

पडद्यावर फोटो मोठा करून ते एकेक गोष्ट तपासत गेले. देवाची फळी. मेढीवरची रेघ. आबाच्या गालावरचे पांढरे खुंट. कोंडाबाईच्या नथीचा खडा. सगळं जागच्या जागी, स्थिर. त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि सदऱ्याच्या बाहीने चष्मा पुसत बसले. कोंडाबाईने त्यांच्यापुढे ताट आणून ठेवलं आणि म्हणाली, "जेव आता."

नाचणीची भाकरी, सुकटाची चटणी, अंबाडीची भाजी. आमची ज्वारीची भाकरी वाळवून महिनाभर पुरवायची. ही गरम असतानाच संपवायची. मी दोन खाल्ल्या. बबनभाऊ तीन.

बार्शी

जड लेन्स मी घेतली. बेडश्याच्या आतल्या अंधारात हलकी सरस ठरली हे खरं, पण मला मुलांचे, जत्रेचे, हलत्या माणसांचे फोटो काढायचे असतात, आणि तिपाईची परवानगी अर्ज केला तर मिळू शकते. बबनभाऊंनी ठरल्या किमतीत काही कमी केलं नाही, मीही मागितलं नाही. हलकी परत करायला पुण्याला गेले तेव्हा ते बरोबर होते. दुकानदाराने ती वापरलेलीच त्यांना विकली. ओरखडा कुठे आहे ते त्यांनी दोनदा विचारलं, नव्हताच.

माझ्या वर्गात आता बेडश्याचा फोटो लावला आहे, भिंतीएवढा. पहिल्या दिवशी एक मुलगी त्याच्यापुढे उभी राहिली आणि मान हळूहळू वर नेत गेली. मला हात हलवावे लागले नाहीत.

दिवाळी सरल्यावर दोन दिवसांनी बबनभाऊंचा फोन आला. ते वाडीवर होते. फोटो मोठा करून, लाकडी चौकट घालून घेऊन गेले होते. घरातलं सामान बाहेर काढायला सुरुवात झाली होती, मागून कुणाच्यातरी हाका ऐकू येत होत्या.

"कोंडाबाईला बोलायचंय," ते म्हणाले.

थोडा वेळ नुसता वारा. मग तिचा आवाज, फोनपासून लांब धरल्यासारखा.

"ताई, फोटू बघतेय मी. माझं घर एवढं मोठं व्हतं व्हय?"

ही लेन्स जवळची जमीन ताणते, भिंती मागे ढकलते. दहा हातांची खोली तिच्यातून वीस हातांची दिसते. मला हे सांगता आलं असतं. शाळेत मी हेच शिकवते. पण मी त्या घरात बसले होते. पिढ्यांचा भात, दोन माणसांचा संसार, देव, धूर आणि ऊन, सगळं मी तिथे बघितलं होतं.

"व्हय मावशी," मी म्हणाले. "एवढंच मोठं होतं."